बाळाचं सगळं नीट दिसलं का, ताई?

मागच्या अंकात गरोदरपणातल्या बीपीवर लिहिलं होतं, पण पत्रं आणि मेसेज आले ते निम्म्याच्या वर पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीबद्दल. कुणाच्या रिपोर्टात काहीतरी इंग्रजी लिहून आलंय आणि झोप उडालीये, कुणाला सोनोग्राफी कशासाठी तेच कुणी सांगितलं नाही, कुणी तर सोबत रिपोर्टाचे फोटोच पाठवलेत. म्हणून या वेळी सगळी जागा त्यालाच देते. नावं कुणाचीच छापत नाही, तालुका किंवा जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : ताई नमस्कार. मी पहिलटकरीण हाय. आषाढी एकादशीच्या दोन दिस आधी पाळी आली, त्याच्यानंतर न्हाई. दसरा झाला की आमची ऊसतोडीची टोळी निघायलीये, मुकादमाची उचल घेतलेली हाय आन दोघांचा मिळून एक कोयता, त्यामुळं मला मागं ऱ्हाता येत न्हाई. आशाताई म्हणायल्या पाचव्या महिन्यात सोनोग्राफी करावीच लागती. तवा तर मी कारखान्यावर असणार. होळीला माघारी आल्यावर केली तर चालंल का? (धारूर तालुका)

नाही माय, होळीला चालणार नाही. का ते नीट सांगते आणि मग काय करायचं तेही सांगते.

तू तारीख एकादशीवरून सांगितलीस ते फार बरं केलंस, त्यावरून हिशोब पक्का बसतो. आम्ही डॉक्टर दिवस मोजतो ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून आणि महिन्यात नाही, आठवड्यात. मधे अधिक महिना नाही, त्यामुळे दसऱ्याला तुझे तेरा आठवडे भरत आलेले असतील, कार्तिकी एकादशीला सतरा, आणि होळीला चौतीस. आता बाळाचे अवयव बघायची जी मोठी सोनोग्राफी असते, जिला आम्ही ॲनॉमली स्कॅन म्हणतो, ती करायची १८ ते २० आठवड्यांत, फार तर २२ पर्यंत. म्हणजे तुझ्यासाठी कार्तिकी एकादशी झाली की पुढच्या आठवड्यापासून पंधरा दिवस.

हेच दिवस का? त्याच्या आधी बाळ फार लहान असतं, हृदय एवढंसं की त्याचे कप्पे वेगळे सांगणं अवघड. २० व्या आठवड्यात बाळ साधारण ३०० ग्रॅमचं, आणि भोवती पाणी भरपूर असतं म्हणून ते फिरतं, आपल्याला सगळ्या बाजूंनी बघू देतं. नंतर हाडं कडक होत जातात, हाडाच्या मागे सावली पडते आणि त्या सावलीत काही दिसत नाही, जागाही कमी पडते, बाळ गुडघे पोटाशी घेऊन बसतं. चौतीसाव्या आठवड्यात वजन कळेल, पाणी कळेल, वार कुठंय ते कळेल, पण बोटं, ओठ, पाठीचा कणा, हृदयाच्या नळ्या हे तेव्हा शोधणं म्हणजे गच्च भरलेल्या पेटीत हात घालून सुई शोधण्यासारखं आहे.

दुसरं कारण कायद्याचं. बाळात जगण्यासारखं नाही असं मोठं व्यंग निघालं तर आईबापाला विचार करायला दिवस लागतात. २०२१ साली गर्भपाताचा कायदा बदलला, आता गर्भपाताला २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, २० ते २४ मधे ठरावीक कारणांसाठी दोन डॉक्टरांचं लागतं आणि २४ च्या पुढे बाळात मोठं व्यंग असेल तरच, तेही मेडिकल बोर्डासमोर जाऊन. उशिरा कळलं की दारं एकेक करून बंद होत जातात.

एक बाई माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. फेब्रुवारीत आली होती, पोटात दुखायलंय म्हणून टोळी सोडून. एकतीसावा आठवडा, आणि आयुष्यातली पहिली सोनोग्राफी. हातावर उसाच्या पात्यांचे चरे, जेल लावायच्या आधी तिनं पोट पदरानं पुसून घेतलं, धूळ असेल म्हणून. मी प्रोब ठेवला तर डोक्यात पाणी भरलेलं आणि पाठीच्या खालच्या अंगाला मणके उघडे, त्यातून पिशवी बाहेर आलेली. ती सारखी विचारत होती, वजन किती झालंय ओ ताई बाळाचं. हेच अठराव्या आठवड्यात दिसलं असतं. तेव्हा तिच्या हातात काहीतरी ठरवणं राहिलं असतं, निदान बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करायचं आणि जन्मल्या जन्मल्या पाठीचं ऑपरेशन कुठं होतं हे तरी आधी बघता आलं असतं. तिची काहीच चूक नव्हती, फडात सोनोग्राफी नसते आणि खाडा केला की पैसे कापतात.

तर तू असं कर. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात, निघायच्या आधी, एनटी स्कॅन करून घे. ती ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्याच काळात होते आणि तू नेमकी त्यात बसतेस. त्यात बाळाच्या मानेमागचं पाणी मोजतात, नाकाचं हाड बघतात, आणि कवटी, पोट, हातपाय यांतले मोठे दोष तेव्हाच दिसू शकतात. मग माता-बाल संरक्षण कार्ड आणि हा रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत ने. कोपीत, म्हणजे झोपडीत, उघडं ठेवू नको, पावसानं भिजतं, उंदीर खातात, पेटीत ठेव. कारखान्याच्या तालुक्याला ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय असतंच, ते कार्ड महाराष्ट्रात कुठंही चालतं, आणि दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची मोफत तपासणी असते, त्यात एक सोनोग्राफीही येते. तुझे ते पंधरा दिवस आशाताईकडून कार्डावर तारीख घालून लिहून घे. आणि मुकादमाला निघायच्या आधीच सांगून ठेव की त्या आठवड्यात एक खाडा होणार, पोटुशी बाई आहे, एक दिवस जाईल. नवऱ्यानं सांगावं, त्याचंही लेकरू आहे.

प्रश्न : मिसेसची ॲनॉमली स्कॅन झाली. डॉक्टर पाऊण तास बघत होते, मधेच थांबून म्हणाले जरा फिरून या, काहीतरी गोड खा, मग परत बघितलं. आम्हाला टेन्शन आलं. एवढं काय बघतात नेमकं? आणि ती साधी टूडी होती. मित्र म्हणायलाय फोरडी करायला पाहिजे होती, त्यात बाळाचा चेहरा फोटोसारखा दिसतो. संभाजीनगरला जाऊन परत करू का? (परभणी)

भाऊ, ज्या डॉक्टरांनी पाऊण तास दिला आणि बाळ वळेपर्यंत थांबले त्यांचं काम चोख आहे. परत करायची काही गरज नाही. आणि फिरून या म्हणाले ते एवढ्यासाठीच की बाळ पाठ वर करून झोपलं असेल तर चेहरा नि हृदय दिसत नाही, आई चालली, कुशीवर वळली की बहुतेक वेळा बाळ जागा बदलतं. मी तर कधीकधी दोनदोनदा बाहेर पाठवते.

आधी मशीन कसं चालतं ते सांगते म्हणजे टूडी-फोरडीचा घोळ सुटेल. सोनोग्राफी हा कॅमेरा नाही, हा आवाज आहे. माणसाला सेकंदाला वीस हजार कंपनांच्या वरचं ऐकू येत नाही, पोटावर फिरवायचा प्रोब २० ते ५० लाख कंपनांचा आवाज आत सोडतो आणि आपटून परत आलेला पडसाद टिपतो. परत यायला किती वेळ लागला यावरून ती वस्तू किती खोल आहे ते मशीन काढतं. हाडावरून जोरात परत येतो म्हणून हाड पांढरं, पाण्यातून नुसता निघून जातो म्हणून पाणी काळं. हवेतून तो पुढं जाऊच शकत नाही, म्हणून ते थंडगार जेल, प्रोब आणि कातडीच्या मधली हवा काढायला. ग्लासगोचे डॉक्टर इयान डोनाल्ड यांनी १९५५ साली बॉयलर बनवणाऱ्या कारखान्यातल्या, लोखंडातली भेग शोधायच्या यंत्रावर ऑपरेशननं काढलेल्या गाठी तपासून बघितल्या, आणि १९५८ साली पोटातल्या गाठींची, गर्भाचीही, चित्रं छापून आणली, तिथून हे सगळं सुरू झालं. आपल्या साखर कारखान्याच्या बॉयलरकडं बघितलं की मला दर वेळी हे आठवतं.

आता टूडी म्हणजे काय, तर काकडीची चकती. प्रोब जिथं धरला त्या जागी बाळाची एक पातळ चकती स्क्रीनवर दिसते, आतली. पोटावर प्रोब सरकवत, वाकवत डॉक्टर डोक्यापासून पायापर्यंत अशा शेकडो चकत्या बघतात. थ्रीडी म्हणजे त्याच चकत्या कॉम्प्युटरनं एकावर एक रचून केलेला वरचा आकार, आणि फोरडी म्हणजे तोच आकार हलताना. वरची साल दिसते, आतलं नाही. ओठ फाटलाय का, मणक्यांची रांग, हाताची ठेवण यात थ्रीडीचा खरंच उपयोग होतो, मीही वापरते, पण मेंदू, हृदय, किडनी यांची तपासणी टूडीवरच होते. गोड चेहऱ्याचा फोटो मिळाला म्हणजे तपासणी झाली असं नाही.

बघतात काय? डोक्याच्या तीन आडव्या चकत्या घेतात. त्यात डोक्याचा घेर मोजतात, मेंदूतल्या पाण्याच्या कप्प्याची रुंदी बघतात, ती १० मिलिमीटरच्या आत पाहिजे, आणि मागचा छोटा मेंदू बघतात. या छोट्या मेंदूची गंमत म्हणजे २० व्या आठवड्याच्या आसपास त्याची रुंदी जवळजवळ तेवढेच मिलिमीटर असते, विसाव्या आठवड्यात वीस. पाठीचा कणा उघडा राहिला असेल तर मेंदूभोवतीचं पाणी खाली गळतं, मेंदू खाली ओढला जातो, तो छोटा मेंदू केळासारखा वाकतो आणि कवटी पुढून दबून लिंबासारखी दिसते. म्हणजे दोष कमरेत आणि त्याची बातमी डोक्यात. कमरेतलं छोटं छिद्र नजरेतून सुटू शकतं पण केळ आणि लिंबू सहसा सुटत नाही, म्हणून आम्ही डोकं एवढं निरखून बघतो.

मग चेहरा, डोळ्यांच्या खोबण्या, वरचा ओठ. मग छाती. हृदय या वयात बोराएवढं, आणि मिनिटाला १४०-१५० वेळा उडतंय. सगळ्यात जास्त वेळ इथंच जातो. चार कप्पे दिसले, सारखे आहेत, हृदय डावीकडं तिरकं आहे, छातीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसतंय, एवढ्यावर पूर्वी काम भागवायचे. पण चार कप्पे एकदम व्यवस्थित आणि वरच्या दोन मोठ्या नळ्यांची अदलाबदल, असं होऊ शकतं, आणि तसं बाळ जन्मल्यावर काही तासांत निळं पडतं. म्हणून डावी नळी कुठून निघते, उजवी कुठून, त्या एकमेकींना ओलांडून जातात का, हे बघायलाच पाहिजे. बाळ छाती लपवून बसलं तर नेमकं हेच राहून जातं आणि मग फिरून या म्हणावं लागतं.

इथं डॉप्लर कामाला येतो. परभणी जंक्शनला उभे असाल तर गाडी हॉर्न वाजवत येताना आवाज बारीक लागतो आणि पुढं निघून गेली की जाड होतो, तसंच वाहत्या रक्तावरून परत येणारा आवाज बदलतो आणि मशीन त्याला रंग देतं. तांबडा-निळा बघून लोक घाबरतात की निळं म्हणजे अशुद्ध रक्त, तसं काही नाही, प्रोबकडं येणारं एका रंगाचं आणि लांब जाणारं दुसऱ्या, एवढंच. नाळेत दोन रोहिण्या आणि एक शीर आहे का, आईकडून पिशवीला रक्त नीट येतंय का, हे त्यावर कळतं.

पोटात जठराचा काळा फुगा डावीकडं, नाळ जिथं लागते तिथं पोट बंद आहे का, दोन किडन्या, लघवीची पिशवी भरते-रिकामी होते का, मणके तिन्ही बाजूंनी, हातपायांची लांब हाडं, पंजे. मग वार, पाणी, पिशवीच्या तोंडाची लांबी. वार खाली आहे असं लिहून आलं तर लगेच घाबरू नका, पिशवी वाढते तशी ती बहुतेकींची वर सरकते, बत्तीसाव्या आठवड्यात परत बघतात.

प्रश्न : पहिलंच बाळ आहे. रिपोर्टात लिहिलंय हृदयात पांढरा ठिपका आणि डाव्या किडनीत ५ मिमी पाणी. गुगल केलं तर डाऊन सिंड्रोम येतंय. तीन दिवस झाले घशाखाली घास उतरत नाही, घरात कुणाला सांगितलं पण नाही. (लातूर)

अगं आधी जेवून घे, आणि आज रात्रीच नवऱ्याला सांग, एकटीनं उराशी घेऊन बसण्यासारखं यात काही नाही.

हृदयातला पांढरा ठिपका म्हणजे हृदयाच्या आतल्या एका छोट्या स्नायूत चुन्याचा कण, तो आवाज जोरात परत पाठवतो म्हणून चमकतो. ते छिद्र नाही, हृदयाच्या कामाशी त्याचा संबंध नाही आणि आपल्या आशियाई लोकांच्या बाळांत तो जास्त दिसतो. याला आम्ही सॉफ्ट मार्कर म्हणतो, म्हणजे हा आजार नाही, नुसती खूण. फार वर्षांपूर्वी या खुणेवरून डाऊनची, म्हणजे बुद्धीची वाढ कमी राहणाऱ्या जन्मजात दोषाची, शंका जास्त घ्यायचे, आता एनटी स्कॅन आणि डबल मार्कर, म्हणजे त्याच सुमाराची आईच्या रक्ताची तपासणी, नॉर्मल असेल आणि बाकी सगळं नीट असेल तर एकट्या ठिपक्याला आम्ही किंमत देत नाही. मेंदूत पाण्याचे छोटे फुगे दिसले असं काहींच्या रिपोर्टात येतं, त्याचंही तसंच, ते बहुतेक २८ आठवड्यांपर्यंत आपोआप जातात.

किडनीचं थोडं वेगळं. २८ आठवड्यांच्या आधी ४ मिलिमीटरच्या वर आणि त्यानंतर ७ च्या वर असेल तर आम्ही नोंद ठेवतो. तुझं ५ आहे, म्हणजे अगदी थोडं, आणि अशी बहुतेक बाळं काहीही न करता बरी होतात. फक्त ३२ आठवड्यांच्या आसपास परत बघायचं आणि तेव्हाही राहिलं तर जन्मल्यावर बाळाची एक सोनोग्राफी करायची. ती विसरू नको.

काही खुणा मात्र मी हलक्यात घेत नाही. मानेमागची कातडी ६ मिलिमीटर किंवा जास्त जाड, नाकाचं हाड नाही, मेंदूतला पाण्याचा कप्पा रुंद, किंवा दोन-तीन खुणा एकत्र, असं असेल तर पुढची तपासणी करावी लागते, आईच्या रक्तावरची किंवा बाळाभोवतालचं पाणी काढून. तुझ्या रिपोर्टात यातलं काही नाही, मी दोनदा वाचला. डबल मार्करचा कागद घेऊन तुझ्या डॉक्टरांकडं जा आणि त्यांच्याकडून समोर बसून समजून घे. गुगलला तुझं बाळ माहीत नाही, त्यांनी ते बघितलंय.

प्रश्न : सोनोग्राफीच्या किरणांनी बाळाला त्रास होतो म्हणून सासरे दुसरी करू देईनात. (हिंगोली)

सोनोग्राफीत किरणं नसतात. एक्स-रे आणि सीटी स्कॅनमधे असतात, इथं फक्त आवाज. इतक्या वर्षांत साध्या तपासणीनं बाळाला इजा झाल्याचं दिसलेलं नाही. एवढं खरं की आवाजाच्या शक्तीनं आत किंचित ऊब निर्माण होते, म्हणून नियम असा की लागेल तेवढीच शक्ती आणि लागेल तेवढाच वेळ, आणि पहिल्या तीन महिन्यांत डॉप्लर उगीच लावायचा नाही. हौसेसाठी तासभर फोरडी बघत बसू नये तेही त्यासाठीच. पण डॉक्टरांनी लिहून दिलेली सोनोग्राफी टाळू नका. सासऱ्यांना हे पान वाचून दाखवा.

प्रश्न : मशीनमधी एवढं समदं दिसतंय, बोटंबी मोजतेत, मंग पोरगं हाय का पोरगी एवढंच कामून सांगत न्हाईत? सुनंला दोन पोरी हायेत, तिसरी खेप हाय. मला कुणाला मारायचं न्हाई, नुसतं कळावं म्हणून इचारायलेय. (बीड जिल्हा)

मावशी, तुमच्या पत्राला मी स्पष्ट उत्तर देणार आहे, राग मानू नका.

सांगत नाही कारण आपल्या जिल्ह्यात सांगितल्याचं काय झालं ते आपण भोगलंय. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागं मुली होत्या फक्त ८०७. महाराष्ट्राचा आकडा ८९४ होता, तोही कमीच. मुली निसर्गतःच थोड्या कमी जन्मतात, ते धरूनही हजार पोरांच्या बाजूला दीडशेच्या आसपास जागा रिकाम्या. त्या मुली आज कॉलेजात असत्या. प्रत्येक घरात कुणीतरी हेच म्हणालं असणार, नुसतं कळावं म्हणून.

लिंग सांगायला बंदीचा कायदा महाराष्ट्रानं देशाच्या आधी केला, १९८८ मधे, देशाचा १९९४ चा. लिंग सांगणाऱ्या डॉक्टरला तीन वर्षांपर्यंत कैद आणि विचारणाऱ्या नातेवाइकालाही तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बाईवर घरच्यांचा दबाव होता असंच कायदा धरून चालतो, म्हणजे सून सुटेल, तुम्ही अडकाल. म्हणून आम्ही प्रत्येक बाईचा एफ फॉर्म, म्हणजे या कायद्याचा नोंदीचा कागद, भरतो, त्यावर सही घेतो, आणि इथं लिंग सांगत नाही ही पाटी भिंतीवर लावतो.

आणि आणखी एक, मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं, सुनेच्या हातात काहीच नाही. तिसऱ्या खेपेला तिचं रक्त कमी असेल, हिमोग्लोबिन बघितलंय का कुणी? बोटं आम्ही मोजतो ती बाळ धडधाकट आहे का बघायला. मावशी, तुम्हीही तेवढंच विचारा, तुमच्या तोंडून ते ऐकून सुनेला किती धीर येईल बघा.

प्रश्न : पाचव्या महिन्यात रिपोर्ट नॉर्मल होता. बाळ जन्मलं तर टाळूला भोक आणि हृदयात पण छिद्र निघालं. सगळे म्हणायलेत डॉक्टरवर केस करा. एवढं मोठं कसं दिसलं नाही? (नांदेड)

बाळाची तब्येत आता कशी आहे ते तुम्ही लिहिलं नाही, मला तेच आधी विचारायचंय. टाळूचं ऑपरेशन चांगलं होतं, आणि दूध पाजताना बाळ उभं धरा, चमच्यानं किंवा खास बाटलीनं पाजा, म्हणजे नाकातून येणार नाही.

चूक झाली की नाही हे रिपोर्ट आणि फोटो न बघता मी सांगू शकत नाही, पण काय दिसतं नि काय दिसत नाही हे सांगते. ओठ फाटलेला असेल तर दिसतो. ओठ अखंड आणि फक्त आतला टाळू फाटलेला असेल तर तो तोंडाच्या आत, भोवती हाडं, त्यांची सावली, जीभ मधे. चांगल्या हातातूनही सुटतो. हृदयाच्या पडद्यातलं छोटं छिद्र, एकदोन मिलिमीटरचं, बोराएवढ्या हृदयात पकडणं अवघड आहे. आणि वरच्या दोन कप्प्यांमधली वाट तर पोटातल्या प्रत्येक बाळाची उघडीच असते, ती जन्मानंतर मिटायची असते, नाही मिटली तर ते छिद्र म्हणतात, मग ते पोटात असताना दोष म्हणून कसं दिसणार? शौचाची जागा बंद असणं सहसा दिसत नाही. आतड्यातला अडथळा, डोक्यातलं पाणी, वाढ खुंटणं हे कितीदा विसाव्या आठवड्यात नसतंच, पुढं तयार होतं. ऐकू येतं का, बुद्धी कशी आहे, हे कुठल्याच सोनोग्राफीत कळत नाही. आईच्या पोटावर चरबी जास्त असेल तर आवाज आत पोचेपर्यंत अर्धा होतो आणि चित्र धुकट येतं.

तुमच्या रिपोर्टात शेवटी बारीक अक्षरात काही लिहिलंय का ते बघा. कितीदा लिहिलेलं असतं की बाळाच्या स्थितीमुळं अमुक नीट दिसलं नाही, दोन आठवड्यांनी परत या, आणि ते वाचायचं राहून जातं, सांगणाराही घाईत असतो आणि ऐकणाराही. माझं माझ्या डॉक्टर मित्रमैत्रिणींनाही हेच म्हणणं आहे, दिसलं नाही ते तोंडानं सांगा, मराठीत सांगा. दिसलं नाही आणि नाहीये, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पुढच्या खेपेला मात्र १८ ते २४ आठवड्यांत बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी, फीटल इको, करून घ्या. आधीच्या बाळाला हृदयाचा दोष असेल, आईला गरोदरपणाच्या आधीपासून शुगर असेल किंवा आईबापापैकी कुणाला जन्मापासून हृदयाचा त्रास असेल तर ती करायलाच पाहिजे.

प्रश्न : माझ्या बाळाला डोक्याची कवटीच नव्हती. एकोणिसाव्या आठवड्यात कळलं. चार महिने झाले आता. परत राहिलं तर तसंच होईल का? ग्रहणात भाजी चिरली होती म्हणून झालं असं सगळे म्हणतात. (जालना)

ग्रहणानं नाही झालं. भाजी चिरल्यानं नाही झालं. तू काही केलंस म्हणून झालं नाही. बाळाची कवटी आणि पाठीचा कणा ज्या नळीपासून बनतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांच्या आत मिटते, म्हणजे पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे, तेव्हा कितीतरी जणींना दिवस गेलेत हेच माहीत नसतं. तेव्हाच ती वरून उघडी राहिली.

परत होण्याची शक्यता आहे पण थोडी, शंभरात दोन ते पाच. आणि ती कमी करता येते. फॉलिक ॲसिडची गोळी, सगळ्या बायांना ४०० मायक्रोग्रॅमची पुरते पण तुला मोठी, ५ मिलिग्रॅमची लागेल, आणि ती दिवस राहायच्या आधी तीन महिने सुरू पाहिजे, राहिल्यावर सुरू करून उपयोग होत नाही कारण तोवर ते २८ दिवस सरलेले असतात. १९९१ साली सात देशांत मिळून केलेल्या अभ्यासात आधी असं बाळ झालेल्या बायांना अशीच मोठ्या मात्रेची गोळी दिली तर असे दोष शंभरातले सत्तरच्या वर टळले. तुझ्या डॉक्टरांना दाखवून, शुगर तपासून आणि फिट्सची वगैरे गोळी चालू असेल तर तेही सांगून, याच आठवड्यात सुरू कर. पुढची खेप कधी ते नंतर ठरवा, गोळी आताच.

आणि दिवस राहिले की पाचव्या महिन्याची वाट बघत बसू नको. बारा आठवडे झाले की सोनोग्राफीला जा, कवटी तेव्हाच दिसते. स्क्रीन तुझ्याकडं वळवायला सांग आणि तो पांढरा गोल तुझ्या डोळ्यांनी बघ.